कार्डाचा कोपरा

परवा माझी नात ईशा शाळेच्या वाचनालयातून एक कादंबरी घेऊन आली. मुलांसाठी लिहिलेली, लढाईच्या काळातली. तिच्यातला बारा वर्षांचा पोरगा सरहद्दीवरच्या गावात राहतो, शत्रूचा निरोप पकडतो, पूल वाचवतो आणि शेवटी मोठा साहेब त्याची पाठ थोपटतो. ईशानं ती दोन दिवसांत वाचून काढली आणि मला विचारलं, "आजी, तू लहान होतीस तेव्हाही लढाई झाली होती ना? तू काय केलंस?" मी म्हटलं, "मी एका कार्डाचा कोपरा फाडला." आजी नेहमीसारखी थट्टा करतेय असं वाटून ती हसली आणि खेळायला पळाली. पुस्तक माझ्या मांडीवर तसंच राहिलं. मी जन्मभर शाळामास्तरीण होते, शेकडो पोरांना धडे शिकवले, पण हा धडा कुणाला सांगितला नाही. आता मला बसून लिहायलाच हवं.

आम्ही पूर्णा जंक्शनला राहायचो, गँगमनच्या चाळीत. एक खोली, पुढं ओटा, ओट्याच्या पलीकडं बाभळीला बांधलेली शेळी आणि तिच्या पलीकडं रूळच रूळ. माझा बा गँगमन होता. पहाटे घण आणि पाना खांद्यावर टाकून निघायचा तो दिवस कलल्यावर परतायचा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. माय शिटीवरून वेळ सांगायची. "अकोल्याची गाडी आली, भात उतरव." "मालगाडी कापायलेत, म्हंजी चार वाजले." कापणं म्हणजे डबे सोडवून वेगवेगळ्या रुळांवर लावणं. इंजिनं दिवसभर खोकत, डबे एकमेकांवर आपटत आणि पाहुण्यांना आमच्याकडं झोप लागत नसे. आम्हाला मात्र आवाज थांबला की जाग यायची. चुलीत लोकोशेडच्या बाहेर वेचलेला अर्धवट जळका कोळसा असायचा, त्याच्यावर ज्वारीची भाकर टम्म फुगायची, आणि भाकरीबरोबर येसराची आमटी किंवा नुसता ठेचा. त्या कोळशाचा वास भाकरीला लागायचा. आताच्या गॅसवरच्या भाकरीत मला काहीतरी कमी लागतं ते तेच असावं.

माझ्याहून आठ वर्षांनी मोठा माझा भाऊ यशवंत. मधली दोन लेकरं जगली नव्हती, म्हणून मायचा जीव त्याच्यात आणि त्याचा जीव माझ्यात. मला अक्षरं त्यानं शिकवली, शाळेच्या आधी. कोळशानं ओट्यावर लिहायचा आणि मी पुसून पुन्हा लिहायची. चूक झाली की टपली मारायचा, बरोबर आलं की शेंगदाणे द्यायचा. टपल्या जास्त खाल्ल्या, हे कबूल करते. आठवी झाल्यावर तो फौजेत भरती झाला. बानं त्याला विहारात नेऊन बुद्धापुढं आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं डोकं टेकवायला लावलं, मायनं दशम्या बांधून दिल्या. गाडी सुटताना तो मला म्हणाला, "शांते, आता कागद वाचायचं आन लिवायचं काम तुझं हाय. घरात तूच एक शिकलेली." मी तिसरीत होते आणि या नेमणुकीनं माझं डोकं असं फिरलं, की आठवडाभर मी मायला पाणीसुद्धा आणून दिलं नाही.

आमच्या चाळीत टपाल आणायचे गफूरचाचा. खाकी कपडे, मेंदी लावलेली दाढी आणि सायकलला पुढं चामड्याची पिशवी. भाऊचं कार्ड आलं की ते लांबूनच ओरडायचे, "शांताबाई, हुजूर का खत आया." मग मी ओट्यावर बसून खणखणीत आवाजात वाचायची. शेजारपाजारच्या बायाही जमायच्या. उत्तर मीच लिहायची. माय सांगायची, मी लिहायची. तिचं सांगणं पत्राच्या मापाचं नसायचंच. शेळीपासून सुरू व्हायची ती पेडगावच्या मावशीच्या दुखऱ्या गुडघ्यापर्यंत जायची, आणि कार्ड संपलं तरी ती संपायची नाही.

मी पाचवीत गेले त्या वर्षी लढाईची हवा सुरू झाली. दसऱ्याच्या सुमाराला फौजेच्या गाड्या पूर्णेवरून जाऊ लागल्या. इंजिन पाणी घ्यायला थांबे तेवढ्यात स्टेशनवर गर्दी व्हायची. कुणी चहा पाजायचं, कुणी केळी द्यायचं. मायचं काम वेगळं होतं. ती कांदा-कोथिंबीर घातलेले धपाटे फडक्यात बांधून न्यायची आणि खिडकीतल्या पहिल्या दिसेल त्या शिपायाच्या हातात देऊन सांगायची, "दोन तू खा, बाकीचे यशवंताला दे. पूर्णेचा यशवंत म्हण, कुणी बी दाखवील." ते शिपाई कुठले कुठले असत, त्यांना तिची बोली कळायचीही नाही. ते हात जोडून "हां माँजी" म्हणत. फौज म्हणजे तिच्या लेखी पूर्णा जंक्शनएवढीच होती, जिथं सगळे सगळ्यांना ओळखतात. मी तिला हसायची. बा म्हणायचा, "हसू नको. देऊ दे तिला."

दिवाळीनंतर माय आजारी पडली. मुदतीचा ताप. दवाखान्यातला डॉक्टर औषध देऊन म्हणाला, एकवीस दिवस बघायचे. बाजेवर पडलेली माय मी तोवर पाहिली नव्हती. भाकरी मी करू लागले, त्या नकाशासारख्या व्हायच्या, आणि बा त्या सगळ्या संपवायचा. त्यात भाऊचं कार्ड आलं, की आम्ही पुढं सरकतोय, सगळ्यांची खुशाली कळवा, मायची जास्त. मी दौत आणि टाक घेऊन बाजेजवळ बसले.

"लिव," माय म्हणाली. तिच्या ओठांवर पापुद्रे आले होते. "बा बरे हाईत. शांती बरी हाय, शाळंला जायलीय. शेळीला दोन पिलं झाली."

"आन तुझं काय लिवू?"

"मपलं काई लिवू नको. आजारी हाय म्हणलीस तर त्याचं ध्यान तिकडं ऱ्हाणार न्हाई. आन बरी हाय म्हणून खोटं बी लिवू नको, पोराला खोटं लिवू न्हाई. मपलं नावच घालू नको त्यात."

मी तसंच लिहिलं. पण ओट्यावर येऊन बसले आणि मला रडू आलं. मला भाऊ हवा होता. तो आला की माय उठून बसेल, याची मला खात्री होती. कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात थोडी जागा उरली होती, तिथं मी बारीक अक्षरात लिहिलं, "माय लय आजारी आहे, तू ये." टपालपेटीपाशी गेले आणि माझा धीर सुटला. मायनं जे नको म्हटलं तेच मी केलं होतं. शाई खोडली तरी वाचता आली असती, आणि दुसरं कार्ड जवळ नव्हतं. मग मी तो तेवढा कोपराच नखानं दुमडून, नीट, सरळ रेषेत फाडून टाकला. तुकडा गिळला. कार्ड पेटीत टाकलं आणि मायचं ऐकल्याच्या समाधानात उड्या मारत घरी आले.

कुणी म्हणेल, एवढंही माहीत नव्हतं? खरंच नव्हतं. आमचे सगळे नातेवाईक एका दिवसाच्या वाटेवर. आमच्यात कुणी गेलं की माणूस सांगावा घेऊन यायचा, दारात न बसता उभ्यानंच सांगायचा आणि पुढच्या गावाला निघायचा. मरणाची खबर कार्डावर येते, हेच मी पाहिलेलं नव्हतं. ते कळलं पंधरा दिवसांनी, माय तापातून उठून भिंतीला धरून चालू लागली होती तेव्हा. रेल्वेतल्या एका कारकुनाच्या दारात गफूरचाचा सायकल टेकवून नुसते उभे होते. हाक मारत नव्हते, आत जात नव्हते. त्यांच्या हातातल्या कार्डाचा कोपरा फाटलेला होता. मी विचारलं, "चाचा, हे असं कामून फाडलंय?"

"बेटी, यह मौत का खत है," ते हळू म्हणाले. "कोपरा फाटला की समजायचं, माणूस गेलं. वाचायच्या आधी दिल घट करावं, म्हणून फाडतात. वाचून झालं की असलं कार्ड घरात ठेवत नाहीत."

मला माझं कार्ड आठवलं. बा खुशाल, शांती खुशाल, शेळी खुशाल, मायचं नाव नाही आणि कोपरा फाटलेला. कुठल्याही शहाण्या माणसानं काय समजावं? मी तिथंच त्यांना सगळं सांगितलं. चाचांनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. पिशवीतून स्वतःचं एक कोरं कार्ड काढून मला दिलं आणि म्हणाले, "लिख. अभी लिख." त्यांच्या सायकलच्या सीटवर कार्ड ठेवून मी मोठ्या अक्षरात लिहिलं, "माय जिवंत आहे. माय बरी आहे. कोपरा चुकून फाटला." त्यांनी ते माझ्यादेखत पिशवीत टाकलं. घरी मी कुणाला काही बोलले नाही. सांगितलं असतं तर निदान माझी झोप तरी शिल्लक राहिली असती.

चौथ्या की पाचव्या दिवशी लढाई जाहीर झाली. खिडक्यांना काळे कागद चिकटवले, शाळेच्या मैदानात खड्डे खणले, आणि शिटी वाजली की आम्ही पोरं त्यांत उड्या टाकून हसत बसायचो. स्टेशनासमोरच्या हॉटेलात रेडिओभोवती माणसांचं कडं असायचं. बाकीची पोरं शत्रूची किती विमानं पडली ते मोजायची, मी टपालाचे दिवस मोजायची. माझं कार्ड आज कुठं पोचलं असेल? नागपूर? कलकत्ता? रोज दुपारी मी ओट्यावर जाऊन बसायची आणि चाचा लांबूनच मान हलवायचे.

लढाई फार दिवस चालली नाही. जिंकल्याची बातमी आली तेव्हा लोकोशेडमधल्या सगळ्या इंजिनांनी एकदम शिट्या दिल्या. मायनं गुळाची लापशी केली, आजारानंतर पहिल्यांदाच ती चुलीपाशी बसली होती. तिनं भाऊच्या वाटणीची लापशी वाटीत काढून झाकून ठेवली. तिसऱ्या दिवशी तार आली. गफूरचाचांनी ती माझ्या हातात दिली नाही, बाच्या हातात दिली आणि स्वतः वाचून दाखवली. माय ओरडली नाही. ती म्हणाली, "दुसरा कुणी यशवंत असंल. मोप यशवंत असतात." ते ती संध्याकाळपर्यंत म्हणत राहिली.

तारेनंतर आठ दिवसांनी त्याचं पत्र आलं, लढाईच्या आधीच्या दिवसांत लिहिलेलं. मेलेल्या माणसाचं पत्र उशिरा येतं आणि दारात उभं राहतं, हे मी तेव्हा पाहिलं. माय, बा, शेजारच्या बाया सगळे जमले. मी पत्र उघडलं. त्यात असं होतं.

"सर्वांना जयभीम. कार्ड मिळालं. कोपरा पाहिला. तुम्ही दोघं खुशाल आहात असं लिहिलं आहे, त्यात मायचं नाव नाही, तेव्हाच समजलो. माय गेली आणि मला तिचं तोंड बघायला मिळालं नाही. साहेबांकडं सुट्टी मागितली, ते म्हणाले आता कुणालाच सुट्टी नाही. मायच्या नावानं मेणबत्ती लावावी म्हटलं, पण इथं उजेडाला बंदी आहे. नुसते हात जोडले. बा, तुम्ही जेवत जा. शांतीला शाळेतून काढू नका. भाकरी तिच्या एकटीवर टाकू नका, ती लहान आहे."

अकरा वर्षांची मी. समोर माय बसलेली, पदर तोंडात धरून. मी डोळे पत्रावर ठेवले आणि वाचायला सुरुवात केली. "सर्वांना जयभीम. माय, तुझी तब्येत कशी आहे? तू पाठवलेले धपाटे मिळाले. गाडीतल्या एका शिपायानं आणून दिले. आम्ही चौघांनी वाटून खाल्ले." कुठून सुचलं ते मला माहीत नाही. मायच्या तोंडातून पदर सुटला. ती बायांकडं वळून म्हणाली, "पोचले बगा. मी म्हणले व्हते ना, पोचतील म्हणून." आणि मग ती पहिल्यांदा रडली. मी खोटं बोलले याचं मला त्या घडीला वाईट वाटलं नाही. पुढं मात्र वाटत राहिलं.

त्याची पेटी आली, तिच्यात स्वेटर होता, दाढीचं सामान होतं. ते कार्ड नव्हतं. तसलं कार्ड कुणी जवळ ठेवत नाही. आणि दोन महिन्यांनी माझं दुसरं कार्ड परत आलं, वर लाल पेन्सिलीची रेघ मारलेली. चाचांनी ते घरी न आणता शाळेच्या फाटकाशी माझ्या हातात दिलं. म्हणजे ते भाऊच्या हाती पडलंच नव्हतं. ते आजही माझ्या कपाटात आहे.

पुढं दुष्काळ आला, बाया-बाप्ये खडी फोडायला गेले, मायही गेली. ज्वारी मिळेना म्हणून अमेरिकेची लाल मिलो खाल्ली. पण दर काही महिन्यांनी माय पेटी उघडायची, पत्र काढायची आणि म्हणायची, "वाच गं एकदा." मी वाचायची. मला माझं खोटं शब्दन् शब्द पाठ झालं होतं, आणि तिलाही. एखादा शब्द मागंपुढं झाला तर ती टोकायची, "वाटून खाल्ले, तसं हाय त्यात."

मी मॅट्रिक झाले तेव्हा गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले. आमच्या विहारातही दुपारी बायकांचा वर्ग सुरू झाला आणि शिकवायला मला नेमलं. पहिल्याच दिवशी पुढच्या रांगेत माय, मांडीवर पाटी घेऊन. मी विचारलं, "या वयात कशाला गं?" ती म्हणाली, "मला यशवंताचा कागद मपल्या डोळ्यानं वाचायचाय. तू सासरी गेल्यावर कोण वाचील?"

मी तिला शिकवायचं टाळलं, हे आता लिहून टाकते. दुसऱ्या बाया शब्दांवर आल्या तरी मी मायला बाराखडीतच घोळत ठेवलं. तिचं बरोबर आलं तरी पुन्हा गिरवायला लावलं. भाऊनं मला टपल्या मारून शिकवलं होतं, आणि मी त्याच्या आईला मुद्दाम मागं ठेवत होते. पण जंक्शनवर राहणाऱ्या बाईला कोण अडवणार? ती स्टेशनच्या पाट्या वाचू लागली, डब्यांवरची नावं वाचू लागली, किराणाच्या पुड्यांचे कागद सरळ करून वाचू लागली. पेटी जाळून टाकावी असंही माझ्या मनात येऊन गेलं. माझा हात झाला नाही. ते त्याचं अक्षर होतं.

एका दुपारी मी ओट्यावर ज्वारी पाखडत होते. माय आतून पत्र घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. शब्दाखाली बोट धरून वाचायला लागली. "स-र्वां-ना ज-य-भी-म." इथपर्यंत हसत होती. "का-र्ड मि-ळा-लं. को-प-रा…" तिचं बोट थांबलं. मी सूप खाली ठेवलं आणि म्हणाले, "माय, थांब, मी सांगते."

"गप. मला समदं वाचू दे."

तिनं सगळं वाचलं. 'माय गेली' हे दोन शब्द तिनं तीनदा वाचले. शेवटच्या ओळीपर्यंत आली तेव्हा मालगाडी कापायला सुरुवात झाली होती. तिनं पत्र उलटून पाहिलं, मागं काही आहे का म्हणून.

"धपाट्याचं कुठं हाय?"

"नाही माय. ते मी बनवलं."

"आन कोपरा कशाचा?"

मग मी तिला सारं सांगितलं, कोपऱ्यात लिहिलेलं, फाडलेलं, गिळलेलं, चाचांचं, परत आलेल्या कार्डाचं. मी रडत होते. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. ती स्वतःशीच म्हणाली, "नाव घालू नको, असं मीच म्हणले व्हते." उठली आणि शेळीला पाला टाकायला गेली.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. भाकरी थापायची, माझ्या ताटात वाढायची, तेवढंच. मला तिचा राग आला नाही. मी त्याच शिक्षेची सात वर्षं वाट बघत होते. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "एक कार्ड आण." मी आणलं. तिनं माझा टाक मागून घेतला, पाटावर कार्ड ठेवलं आणि लिहायला बसली. अर्धी दुपार गेली. अक्षरं कार्डभर वाकडीतिकडी पसरली. "यशवंता मी जिती हाय. माय." एवढंच होतं.

"पत्ता तू घाल," ती म्हणाली. "तुला पाठ असंल."

पाठ होता. त्याचा नंबर, पलटण, फौजी टपालाचा आकडा. मी घातला. गफूरचाचांची निवृत्ती जवळ आली होती, दाढी पार पांढरी झाली होती. मायनं कार्ड त्यांच्या हातात दिलं. त्यांनी पत्ता वाचला, माझ्याकडं पाहिलं. मग अंगठा कार्डाच्या चारही कोपऱ्यांवरून एकेक करून फिरवला आणि ते पिशवीत ठेवलं.

माझं कार्ड दोन महिन्यांत परत आलं होतं, म्हणून मी दोन महिने वाट पाहिली. मग चार. मग वर्ष गेलं. चाचांनी ते पुढं धाडलं की स्वतःजवळ ठेवून घेतलं, हे मी त्यांना कधीच विचारलं नाही आणि आता विचारायला तेही नाहीत. माय त्यानंतर वीस वर्षं जगली. तिनं ती पेटी पुन्हा उघडली नाही. कधी विषय निघालाच, तर ती म्हणायची, "परत न्हाई ना आलं? म्हंजी पोचलं."